केळापुरे सर आणि काचेचं दार

साल एकोणीसशे एक्क्याऐंशी. मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो. त्या हिवाळ्यात मुंबईहून फिल्मवाले नागपुरात आले. केळापुरे सरांच्या कॉलेजात सात वर्षांपूर्वी एका पुढाऱ्याच्या भाषणावरून दंगा झाला होता, त्याच्यावर ते माहितीपट काढत होते. त्या माहितीपटात मी आहे. एका वाक्यापुरता. पाहिलेले लोक सांगतात की सदरा चांगला दिसतो. मी पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही.

लिहिणं माझं काम नव्हे. दुसरीपर्यंत शिकलो, मग हातात हातोडी आली. नागपूरबाहेरच्या वाडीच्या गोदामात संत्र्याच्या लाकडी पेट्या ठोकण्यात माझं आयुष्य गेलं. काटोलकडून माल यायचा, पेटीत भाताचं तणस घालून दिल्ली-कलकत्त्याला जायचा. माझी पेटी ट्रकवरून पडली तरी उकलत नसे. हे मी नाही म्हणत, गोदामातले हमाल म्हणत. सरांवर एखाद्या शिकलेल्या माणसाने लिहायला पाहिजे, हे मला कळतं. ते गेल्यावर कॉलेजच्या अंकात लिहिलंही आहे. त्यात जन्मगाव आहे, पदव्या आहेत, नोकरीचा सगळा हिशेब आहे. वाचून घेतलं मी. सर कुठे दिसले नाहीत.

सर दिसायचे ते एक बोट वर केलेले. त्यांना मध्ये बोलायचं असलं की ते उजव्या हाताचं एक बोट छातीपर्यंत वर करत आणि थांबत. समोरचा बोलून संपेपर्यंत थांबत. वर्गात मुलांपुढे तसंच, प्रिन्सिपलपुढे तसंच, भाजीवालीपुढेही तसंच. एकदा मी त्यांच्याबरोबर सिटी बसमध्ये होतो. कंडक्टर एका म्हाताऱ्यावर ओरडत होता, सरांचा थांबा आला, सर बोट वर करून उभे. कंडक्टरचं ओरडणं संपलं तोवर थांबा मागे गेला. "सर, घंटी वाजवाची ना!" मी म्हणालो. "त्यांचं वाक्य व्हायचं होतं," सर म्हणाले, आणि पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत गेले.

उंच, थोडे वाकलेले, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या. सायकलच्या चेनमध्ये अडकू नये म्हणून पँटला लावलेला चाप ते घरी गेले तरी काढायला विसरत. राज्यशास्त्र शिकवत. मला सगळे दौलत म्हणत, मालक तर नुसतं "ए पेटीवाल्या" म्हणे. दौलतराव म्हणणारे सर पहिले.

आमची ओळख अशोकमुळे झाली. अशोक माझा थोरला, छप्पनच्या धम्मदीक्षेच्या आदल्या साली झालेला. मॅट्रिकला असताना तो कॉलेजात कसल्याशा वादविवादात बोलून आला. तिथे सर परीक्षक होते. पुढे निकाल लागला आणि मी त्याला गोदामात चिकटवायचं ठरवलं. हे कोणाकडून तरी सरांच्या कानावर गेलं. एका संध्याकाळी सायकल हातात धरून ते आमच्या खोलीचा पत्ता विचारत आले. बसायला खुर्ची नव्हती, मी रिकामी पेटी उलटी करून दिली.

"दौलतराव, तुमचं म्हणणं काय आहे?"

"म्हणणं कायचं राहते? खाणारे पाच, कमावणारा एक. पोराले कामाले लावतो."

बोट वर झालं.

"तुमचं म्हणणं मी मांडून पाहतो. चुकलं तर सांगा. तुम्ही राबून मुलाला इथवर आणलंत. कॉलेजात गेला तर आणखी चार वर्षं त्याचे हात घराच्या कामी यायचे नाहीत. मास्तर येतात, गोड बोलतात, सायकलवर बसून निघून जातात. घर तुम्हाला चालवायचं आहे. आणि शेवटचं. मुलगा शिकला की त्याला तुमची लाज वाटेल. बरोबर?"

ते शेवटचं मी कोणापाशी बोललो नव्हतो. बायकोपाशीसुद्धा नाही. मला राग आला.

"हे तुम्हाले कोणं सांगितलं?"

"कोणी नाही. माझे वडील लग्नाकार्यात आचारी होते. त्यांना हीच भीती वाटायची. आणि मला त्यांची लाज वाटली, दौलतराव. बरीच वर्षं वाटली." मग म्हणाले, "आता तुमच्या म्हणण्याला उत्तर देऊ का?"

"नका देऊ. जाऊ द्या त्याले कॉलेजात."

उत्तर द्यायला परवानगी मागणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

कॉलेजात दर शनिवारी ते मुलांना बोलायला शिकवत. त्यांचा एकच नियम होता. आधी समोरच्याची बाजू अशी मांडायची की तो स्वतः म्हणाला पाहिजे, हाव, माझं हेच म्हणणं आहे. मग खोडायचं. समोरचा हाव म्हणाला नाही, तर खाली बसायचं. अशोकला हे इतकं भिनलं की घरी भांडणं बंद पडली. माय म्हणे, "तू किराणा आणाले काहून नाही गेला?" तर हा म्हणे, "माय, तुझं म्हणणं असं आहे का..." माय लाटणं उचले.

दिवाळीला सरांनी आम्हाला फराळाला बोलावलं. तिथे सरांच्या बाईंनी माझ्या बायकोपाशी तेच गाऱ्हाणं केलं. "यांच्याशी भांडायची सोय नाही हो. परवा वांगी करपली म्हणून मी रडकुंडीला आले, तर हे आधी वांग्याची बाजू मांडायला लागले!" सरही हसत होते. अशोक त्यांच्या शेजारी बसला होता. तो सरांसारखा बाह्या दुमडून आला होता, हे मला तेव्हा दिसलं. मला बरं वाटलं आणि थोडं नाहीही वाटलं.

चौऱ्याहत्तर साली कॉलेजच्या मुलांच्या युनियनने एका पुढाऱ्याला भाषणाला बोलावलं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. आमच्या पोरांच्या सवलती बंद करा, असं सांगत तो गावोगाव फिरत होता आणि टाळ्या घेत होता. कॉलेजात दोन तट पडले. अशोक आणि त्याच्या दोस्तांनी ठरवलं की फाटकापाशी घोषणा द्यायच्या, त्याला आत पाय ठेवू द्यायचा नाही. प्रिन्सिपल घाबरले, कार्यक्रम रद्द करू म्हणाले. भाषणांची कमिटी सरांकडे होती. सर म्हणाले, "मुलांनी मतं देऊन बोलावलंय. येऊ द्या, बोलू द्या, मग उभे राहून त्याला उत्तर द्या." आमच्या वस्तीत लोक विचारू लागले, "काय गा दौलत, तुह्या पोराचा मास्तर कोनाकून आहे?" सरांना हे कळत होतं. मुलांना त्यांनी सांगितलं की आत बसून प्रश्न विचारणं त्यांना जास्त आवडेल, पण बाहेर घोषणा देणं हाही मुलांचा हक्क आहे, ते अडवणार नाहीत.

मला धास्ती पडली. फाटकावर पोलीस येणार, नावं लिहून घेणार, उद्या नोकरीच्या वेळी तेच कागद निघणार. भाषणाच्या आदल्या दिवशी मी काम टाकून सरांच्या घरी गेलो.

"सर, माह्या पोराले त्या गडबडीत पडू देऊ नका. आतमध्ये ठेवा. कुठंही ठेवा."

"दौलतराव, बाकीच्यांची मुलं बाहेर राहतील आणि तुमचा आत? हे मला जमणार नाही. आणि घोषणा द्यायच्या की नाही हे त्याचं त्याने ठरवायचं. तो त्याचा हक्क आहे."

"हक्क तुमच्या पोराले द्या. मले पोरगं पाहिजे."

त्यांना मूलबाळ नव्हतं. तोंडातून गेलं. सर खाली पाहत राहिले. मग मी हात जोडले. मालकापुढे न जोडलेले हात मी तिथे जोडले. सर घाईघाईने उठले, माझे हात धरून खाली केले आणि म्हणाले, "बरं. बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अशोकच्या खिशाला स्वयंसेवकाची पिवळी फीत लावली. "मला सभागृहाच्या दाराशी भरवशाचा माणूस हवाय," इतकंच म्हणाले. अशोकच्या मनात नव्हतं. पण सरांनी मागितलं, म्हणून तो उभा राहिला. सभागृहाचं दार मोठं होतं, वरपासून खालपर्यंत काचेचं. आत अशोक, बाहेर त्याचे दोस्त. पुढारी मागच्या वाटेने आला आणि बोलायला लागला, तेव्हा बाहेरची पोरं फाटकातून पुढे सरकत दारापर्यंत आली. काचेपलीकडे पिवळी फीत लावून उभा असलेला अशोक त्यांना दिसला. त्यांनी शिव्या दिल्या, दलाल म्हटलं. मागून कोणीतरी दगड भिरकावला. तो अशोकवर फेकलेला नव्हता, कोणावरच नव्हता. काच फुटली आणि त्याच्या उजव्या डोळ्यात गेली.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा सर वॉर्डाबाहेर भिंतीशी उभे होते. सदऱ्यावर अशोकचं रक्त. मला वाटलं ते म्हणतील, तुम्हीच सांगितलं होतं. माझी उत्तरं तयार होती. मी आत ठेवा म्हणालो, काचेपाशी नाही म्हणालो, वगैरे. ते म्हणाले, "मी त्याला विचारायला हवं होतं. न विचारता उभं केलं." मग आवाज हळू करून म्हणाले, "तुम्ही माझ्याकडे आला होतात, हे त्याला सांगू नका."

"काहून?"

"त्याला आता घरी राहावं लागेल, तुमच्याजवळ. माझ्यावाचून त्याचं चालेल."

मी मान हलवली. त्या वेळी मला ते बरोबरच वाटलं. सोयीचंही होतं, हे आज लिहितो.

डोळा वाचला नाही. अशोक घरी आला तो वेगळाच होऊन. कॉलेज सोडलं. वाडीलाच एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात मालाच्या बिल्ट्या लिहायला लागला, काळा चष्मा लावून. दगडाबद्दल तो कधी बोलला नाही. बोलायचा ते सरांबद्दल. "आमच्याच पोराईसमोर त्यायनं मले ढाल केलं, बा. त्या पुढाऱ्याले वाचवाले आमचाच पोरगा पाह्यजे होता त्याईले. सगळ्याईची बाजू मांडते तो माणूस, माही नाही मांडली." मी घरी आणलेल्या पेट्यांना खिळे ठोकत बसायचो. माझ्याकडे एक वाक्य होतं. ते बोललो असतो तर त्याला त्याचे सर परत मिळाले असते. पण मग त्याने माझ्याकडे कसं पाहिलं असतं, तेवढं एकच मला दिसायचं.

सर दर रविवारी यायचे. अशोक मागच्या दाराने निघून जायचा. सरांना ते दिसायचं. तरी ते पेटीवर बसत, बायकोने दिलेला चहा पीत, लोणच्याचं, पावसापाण्याचं बोलत. अशोक काय वाचतो, विचारत. काहीच वाचत नव्हता. कॉलेजातले शनिवारचे वर्ग त्यांनी बंद केल्याचं मला दुसऱ्याकडून कळलं. एकदा माझी बायको सहन न होऊन म्हणाली, "सर, तुमचे तं दोन्ही डोळे शाबूत आहेत ना?"

"आहेत, बाई."

"मंग कायले येता इथं?"

सरांनी बोट वर केलं नाही. काही मांडलं नाही. चहाचा ग्लास नीट खाली ठेवला आणि म्हणाले, "येऊ नको म्हणाल तर नाही येणार." बायको रडायला लागली. "असं कोण म्हणून राहिलं जी," म्हणाली. मी तिथेच होतो, दोन हातांवर. फळीत खिळा वाकडा गेला, तो उपटून पुन्हा ठोकला. सात वर्षांत असे किती रविवार आले. माझं तोंड कोणी धरून ठेवलं नव्हतं.

मग ते फिल्मवाले आले. अशोकने नकार दिला. मी हो म्हणालो. इस्त्रीचा निळा सदरा घातला. खोटं कशाला लिहू, फिल्ममध्ये यायचं म्हणून छाती थोडी फुगली होती. पण बसमध्ये मी नक्की केलं होतं की आज सगळं सांगायचं. कॅमेऱ्यासमोर बोललेलं अशोकपर्यंत आपोआप जाईल, मला त्याच्या तोंडाकडे पाहून बोलावं लागणार नाही, असा माझा हिशेब.

सभागृहाच्या त्याच दाराशी त्यांनी दिवे लावले होते. काच नवीन होती. फिल्म काढणारी एक तरुण बाई होती, तिने आधी सरांना विचारलं. सरांनी बाहेरच्या मुलांची बाजू सांगितली, ती मुलं अशोकला दलाल का म्हणाली तेही सांगितलं. प्रिन्सिपलची सांगितली. त्या पुढाऱ्याचीसुद्धा सांगितली.

"और आपकी, सर?"

"त्या मुलाला तिथे मी उभं केलं. एवढंच."

"क्यों?"

सर गप्प राहिले. मी चार पावलांवर होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी बोललो असतो, असं मी मनाला सांगतो.

मग मला उभं केलं. दिवा डोळ्यांवर आला. कॅमेऱ्यामागे सर उभे राहिलेले अंधुक दिसत होते.

"बाबा, आपके बेटे को वहाँ किसने खड़ा किया था?"

"सरांनी," मी म्हणालो. "सरांनी उभं केलं होतं."

ती म्हणाली छान, झालं. दिवा बंद झाला. पाहतो तर सर मान हलवत होते. वर्गात मुलाने उत्तर बरोबर दिल्यावर हलवावी तशी.

ते मला थांब्यापर्यंत सोडायला आले. सायकल आता झेपत नव्हती, हुडकेश्वरला घर बांधल्यापासून ते बसनेच येत-जात. चालता चालता मी म्हणालो, "सर, मी खोटं नाही बोललो."

"नाही बोललात."

"तुम्हीच उभं केलं होतं ना?"

"मीच केलं होतं. चला, तुमची बस निघेल."

पण आधी त्यांचीच आली. गर्दी होती. त्यांनी एका टोपलीवालीला पुढे चढू दिलं, मग तिच्या मागच्या दोघांना. शेवटी स्वतः चढले, एक पाय पायरीवर, एक हात दांड्याला. बस हलली तरी ते तसेच लोंबकळत होते. पँटचा एक पाय घोट्याशी चुरगळलेला होता, सायकल सुटून किती दिवस झाले होते तरी चाप तिथेच होता. त्यानंतर सर मला दिसले नाहीत, रविवारचं येणंही थांबलं. पुढच्या पावसाळ्याआधी ते गेले.

फिल्मवाल्यांपुढे बोलून आलो, त्या रात्री जेवलो नाही. बायकोने विचारलं, मी पोट बिघडलं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अशोक अंगणात सायकलला हवा भरत होता. चष्मा काढून खांबाला अडकवलेला. मी त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो, त्या बाजूने त्याला मी दिसत नव्हतो. मग मलाच वाईट वाटलं आणि मी डावीकडे आलो.

"अशोक, तुले त्या दिवशी आत उभं करा म्हणून सरांले मी सांगितलं होतं. ते नाही म्हणून राह्यले होते. मी हात जोडले."

पंप थांबला. तो उठला नाही.

"सरांले माहीत होतं का माह्या मनात त्याईच्याबद्दल काय आहे?"

"होतं."

"तरी नाही सांगितलं?"

"मीच नाही सांगितलं. ते कायले सांगतील?"

बराच वेळ त्याने चाकाची तार बोटाने वाजवली. मग विचारलं, "बा, काल फिलममध्ये तुम्ही काय बोलले?"

मी जे बोललो ते सांगितलं. तो उठला. मला वाटलं हात उचलतो. उचलला असता तरी मी काही म्हणालो नसतो. त्याने चष्मा घातला, सायकल बाहेर काढली आणि म्हणाला, "मी हुडकेश्वरले जातो."

"मीही येतो."

"तुम्ही त्या फिलमवाल्याईकडे जा. सरांकडे तुमचं काही काम नाही."

वाडीहून हुडकेश्वर म्हणजे शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तो सायकलवर गेला. तिथे काय बोलणं झालं ते दोघांपैकी कोणीच मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

मी पहिल्या बसने स्टेशनजवळच्या लॉजवर पोचलो. फिल्मवाले निघायच्या तयारीत होते. फुटपाथवर कॅमेऱ्याच्या लोखंडी पेट्या रचलेल्या, ऑटो उभे. ती बाई पेट्यांना कुलपं लागली का ते हलवून पाहत होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो.

"बाई, काल मी अर्धंच बोललो. दुसरं अर्धं घ्या."

"बाबा, सब पैक हो गया. गाड़ी का टाइम है. अब कुछ नहीं हो सकता."

"नहीं हो सकता तो नहीं. सुनो तो."

ती थांबली. मी सदरा खाली ओढला, कालच्यासारखा ताठ उभा राहिलो आणि त्या बंद पेट्यांसमोर बोललो. सर नाही म्हणत होते. मी हात जोडले. मले पोरगं पाहिजे म्हणालो. ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. तिने कानाशी हात नेला, काही ऐकू येत नाही म्हणाली.

"थांब गा जरासा!" मी त्याच्यावर ओरडलो, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.